बसच्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं

शाळेची मिनीबस चालवणाऱ्या त्या बाईला मुलं मावशी म्हणायची, तेव्हा आपणही मावशीच म्हणू. उंचीला बेताची, पण आवाज असा की मागच्या बाकावरची मारामारी नुसत्या "ए!"ने थांबायची. तिचा जीव एका सिनेमावर जडलेला. एका साध्या कारकुनाला ससाण्याचे पंख फुटतात आणि तो शहराला वाचवत फिरतो, असा तो सिनेमा. लहानपणी थोरल्या भावाबरोबर पाहिला, तेव्हापासून संवाद तोंडपाठ. नवरा शिंपी होता. तो म्हणायचा, "माझ्यापेक्षा त्या पंखवाल्याशीच तुझा संसार जास्त झालाय."

एका दुपारी मुलांना घरी सोडताना टेकडीच्या उतारावर बसचे ब्रेक गेले. तिने ब्रेक दाबला तो पाय थेट तळाला टेकला. समोर गजबजलेला चौक. तिने गिअर खाली आणले, हँडब्रेक ओढला. तरी बस ऐकेना, तेव्हा डावीकडच्या दगडी कुंपणाला ती घासतच नेली. पत्रा फाटायचा आवाज थांबला, तेव्हा बस चौकाच्या अलीकडे उभी होती. कुणाला टेंगूळ आलं, एका मुलीचा ओठ फुटला, बाकी सगळी धडधाकट.

"तुम्ही तर सुपरहिरो निघालात!" लोक म्हणाले. मावशी हसली. घरी मात्र तिला जिना उतरवेना. पायरीवर पाय टेकवला की वाटायचं, हीसुद्धा खाली जाणार. कुठे भांडं पडलं तरी ती भिंतीला चिकटायची. आणि शाळेचा निरोप आला होता : बस दुरुस्त झाली, सोमवारपासून कामावर या, आधी तुमचा सत्कार आहे.

रविवारी नवऱ्याने तिला बळेच टीव्हीसमोर बसवलं आणि तिचा सिनेमा लावला. "हे घे तुझं औषध."

पूल खचतो आणि प्रवाशांनी भरलेली बस नदीकडे घसरू लागते, तो प्रसंग आला. एरवी इथे ती टाळ्या वाजवायची. आज तिने उशी पोटाशी घट्ट धरली. पंखवाला आला, त्याने बस मागून धरली, वर ओढली. माणसं उतरली, एकमेकांच्या गळ्यात पडली.

"मागे घे," ती म्हणाली.

"काय झालं?"

"ड्रायव्हर बघायचाय मला."

त्याने सिनेमा मागे नेला. डोळ्याची पापणी लवेपर्यंत ड्रायव्हर दिसला : तोंड उघडं, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग पंखवाल्याचा चेहरा, संगीत, गर्दी. ड्रायव्हर कुठेच नाही.

"उतरला असेल गं."

"कुठे उतरला? दाखव की." तिचा आवाज चिरकला. "इतक्या वेळा पाहिला, हा माणूस मला कधी दिसलाच नाही. मी आपली पंखवाल्याकडेच बघत बसले. त्याचं काय, तो पडला तरी उडणार. त्याला कसली भीती? या बिचाऱ्याला दुसऱ्या दिवशी परत बसवर पाठवलं असेल ना?"

नवऱ्याने टीव्ही बंद केला. "नको जाऊस उद्या. मी कळवतो."

"घरी बसून तरी काय? भीती इथेही आहेच की."

सोमवारी ती गेली. मुलांनी तिच्यासाठी लाल कापडाची झूल शिवून आणली होती, सुपरहिरोंची असते तशी. मुख्याध्यापिकांनी ती तिच्या गळ्यात बांधली आणि माइकवरून म्हणाल्या, "मुलांनो, एवढं संकट आलं, पण मावशींना जराही भीती वाटली नाही!"

टाळ्या पडल्या. मावशीने माइक हातात घेतला.

"बाई, तसं नाही. मी फार घाबरले होते. आत्ताही घाबरलेय."

तेवढ्यात पुढच्या रांगेतून हुंदका आला. ओठ फुटलेली ती मुलगी रडत होती. "मलापण वाटते भीती. मी घरी सांगितलंच नाही. सगळे म्हणत होते, आम्ही शूर." मग तिच्या शेजारचा रडू लागला, मग त्याच्या मागची. बसमधली निम्मी पोरं रडायला लागली. सत्काराचा पार विचका झाला. मुख्याध्यापिका माइक शोधत राहिल्या, तो मावशीच्याच हातात होता.

कार्यक्रमानंतर मावशीने त्यांना सांगितलं, "उताराने मी बस नेणार नाही. खालच्या सपाट रस्त्याने वळसा घालून जाईन. आणि ब्रेक रोज माझ्यासमोर तपासायचे."

"उशीर होईल हो, पालक ओरडतील."

"ओरडू देत. मला ऐकायची सवय आहे."

त्या कुरकुरल्या, पण कबूल झाल्या.

मावशी पुन्हा बस चालवू लागली. घामाने स्टिअरिंग ओलं व्हायचं, म्हणून मांडीवर फडकं ठेवायची. ती मुलगी आता ड्रायव्हरच्या पाठच्याच सीटवर बसते आणि प्रत्येक वळणाआधी मोठ्याने विचारते, "मावशी, ब्रेक आहे ना?"

मावशी हलकेच ब्रेक दाबते. बस जराशी थबकते.

"आहे," ती म्हणते. आणि दोघी पुढच्या वळणाकडे बघतात.