गोदाकाकीची तांबडी नाचणी

आमच्या वाडीत गोदाकाकीचा हट्ट म्हणजे हट्ट. सावर्ड्याच्या बाजारात हवं ते बियाणं मिळतं, पण डोंगरउतारावरच्या तुकड्यात ती घरचीच तांबडी नाचणी करायची. सासऱ्यांच्या वेळेपासूनची. कातळावर बोटभर माती; दुसरं कुठलं बी पेरलं की पावसाच्या लोंढ्याबरोबर खाली. बाकी सगळ्यांनी डोंगर कधीच सोडला. मीही सोडला, आणि वर तिला डोंगराची मालकीण म्हणून चिडवायची.

काका गेल्यावर मुलगा अनिल तिला मुंबईला न्यायला आला. ती हलेना. शेवटी ठरलं, डोंगर पिकतोय तोवर आईने गावात राहावं. ज्या वर्षी पेरणी चुकेल त्या वर्षी तिने मुकाट मुंबईला निघावं आणि डोंगरावर काजू लावून टाकावेत. त्याची काळजीही काही खोटी नव्हती.

यंदा मे महिन्यात सून समीक्षा आली. गुणाची पोर, पण मुंबईत वाढलेली. काकी बहिणीकडे वेळणेश्वराला गेली होती, तेवढ्यात तिने घर लख्ख केलं. चुलीवरच्या माळ्यावर, सुक्या भोपळ्यात, राखेत कालवलेली नाचणी सापडली. बियाण्याला कीड लागू नये म्हणून राख लावतात, हे तिला कोण सांगणार? म्हातारीचं धान्य खराब झालं असं समजून तिने ते धुतलं, वाळवलं, गिरणीतून दळून आणलं. काकी परतली त्या संध्याकाळी तव्यावर गरम भाकरी होती. मलाही जेवायला बोलावलं होतं.

काकीने भोपळा रिकामा पाहिला आणि मटकन खाली बसली. तेवढंच बी होतं, दुसऱ्या कुणाकडे ते उरलेलं नव्हतं.

"दमलात का, आई?" समीक्षाने विचारलं.

काकीने भाकरी मोडली, खाल्ली. "बरी झालीय गो," म्हणाली.

मला राहवेना. जेवणं झाल्यावर काकीला घरामागच्या परड्यात गाठलं. "मी सांगत्ये तिला," म्हटलं.

"नको गो कमळे. पोरीनं मायेनं केलान. कळलं तर तिला घास गोड लागायचा नाय."

मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते मात्र कळेना.

पाऊस लागायच्या आत त्या दोघी मुंबईला निघाल्या. गुडघे दुखतात, आता डोंगर चढवत नाही, असं काकीने वाडीभर सांगितलं होतं. एसटीच्या थांब्यावर समीक्षाने माझे हात धरले.

"हे इतकी वर्षं विनवत होते, काकू. माझ्या एका शब्दावर आल्या बघा आई," ती म्हणाली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.