उभ्या पिकाचे कौतुक

शेळकेकाकांना एखादी गोष्ट मनापासून आवडली की ते तिला नावे ठेवत. काकूंच्या पिठल्याला "हे काय, भिंतीला लावायचं का?" म्हणत आणि तिसरी भाकरी मागत. माझे आईवडील बीडहून कामासाठी आले तेव्हापासून आम्ही मोशीत काकांच्याच भाड्याच्या खोलीत राहतो. बारावी होऊन कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिला. निकाल सांगायला गेलो तर म्हणाले, "येवढंच व्हय?" मी खट्टू होऊन परत आलो. संध्याकाळी कळले, की किराणा दुकानासमोर उभे राहून त्यांनी माझ्या नावाने पेढे वाटले होते. तेव्हापासून ते मला 'कॉलेज' अशीच हाक मारायचे.

असे का, ते त्यांनी एकदा सांगितले होते. नोकरी कंपनीत असली तरी मन शेतकऱ्याचेच होते. "उभ्या पिकाचं कौतुक करू न्हाई. दृष्ट लागती. खळ्यावर आलं की करावं." माणसांनाही ते हाच नियम लावत, सगळ्यांत कडक लावला तो आपल्या एकुलत्या एका मुलाला, महेशदादाला.

दादाला त्यांनी ओळखीने चाकणच्या एका कंपनीत चिकटवले होते. पण निगडीच्या एका क्लबात तो टेनिस शिकला, आणि नोकरी सोडून तिथेच सभासदांबरोबर खेळण्याच्या कामाला लागला. काका म्हणाले, "साहेबलोकांची ढेरी उतरवायला वाढवला व्हय तुला?" दादाने बॅग भरली. तो पुनावळ्याला मित्रांच्या खोलीवर राहायला गेला. सणाला यायचा, जेवायचा, जायचा.

मग बालेवाडीला मोठी स्पर्धा आली. परदेशी खेळाडू आधीपासूनच सरावाला येतात, आणि त्यांचे चेंडू परतवायला इथली चांगली मुले बोलावतात. त्यात दादा होता. काकूंकडून हे कळल्यावर काका माझ्याकडे आले. गुरुवारी कंपनीला सुट्टी आहे, ते गोरे कसे खेळतात ते बघू, म्हणाले. मी म्हटले, मग सामनेच बघू की. त्यावर ते नुसतेच चपला घालू लागले. सामन्यात दादा दिसणार नव्हता, हे माझ्या डोक्यात जरा उशिरा शिरले.

कोर्टाच्या जाळीशी आम्ही उभे राहिलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पलीकडचा उंच खेळाडू पुन्हा पुन्हा एकाच कोपऱ्यात फटका मारत होता आणि दादा पळत जाऊन तो परतवत होता. मला वाटले काका कंटाळतील. पण ते जाळीत बोटे अडकवून बघत राहिले. एकदाच हळूच म्हणाले, "ह्यांना बी रोज तेच ते करावं लागतं व्हय? आमच्या कंपनीतल्या लाइनीवानी." दादा एका चेंडूसाठी घसरला तेव्हा त्यांची बोटे जाळीवर पांढरी पडली. शेवटी त्या खेळाडूने दादाच्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी बोलून हसला.

दादाने आम्हाला पाहिले होते. घाम पुसत तो जाळीपाशी आला आणि वडिलांच्या तोंडाकडे बघत थांबला. चांगला बराच थांबला. मला वाटले, आता बोलतील.

"त्याचा शर्ट कोरडा हाय अन् तू भिजलास," काका म्हणाले. "बरं काम मिळालंय."

दादा हसला. आई कशी आहे विचारले, बाटलीतले पाणी प्याला आणि दुसऱ्या कोर्टावर गेला.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत होते. वाकडच्या पुढे आल्यावर एकदम बोलायला लागले. "पाहिलंस का कॉलेज? त्या गोऱ्याला कसा दमवला. हात काय सुटतोय त्याचा! म्या उगं त्याला कंपनीत कोंबला. माझंच चुकलं. पोरगं सोनं हाय." भोसरी येईपर्यंत ते बोलत होते, पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. मी म्हटले, काका, हे दादाला सांगा ना. ते दचकले. "येडा का तू? आत्ता कुठं वर येतंय. तू बी सांगू नको. लगीन होऊ दे, घर होऊ दे, मग मीच सांगतो."

पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या शिफ्टला निघताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

दहाव्याला आम्ही आळंदीला गेलो होतो. विधी झाल्यावर महेशदादा घाटाच्या पायरीवर एकटा बसला होता. मी शेजारी बसलो आणि बसमधले सगळे सांगितले. हात कसा सुटतो, माझंच चुकलं, पोरगं सोनं हाय. जसे आठवले तसे, काकांच्याच शब्दांत. मला नीट बोलता येत नाही, मध्येमध्ये अडखळलो.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "बाबा असं बोलणारे नव्हते रे."

मी आईची शपथ घेतली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जणू मलाच समजवायचे होते.

"राहू दे, भावा. तू एवढं जुळवून सांगितलंस, तेच पुष्कळ झालं."