पाचव्या मजल्याने धरलेली मान

"अहो पाचवा मजला! बाहेर या! चहा प्यायला बोलावतोय! चिखल घालून केलाय, तुमच्याच कुंडीतला!"

हा मी. डोंबिवलीशेजारच्या कोपरला, आमच्या सोसायटीच्या आवारात उभा. एका हातात कप, दुसरा कमरेवर आणि मान इतकी मागे टाकलेली की टक्कल पाठीला टेकायचंच बाकी. तळमजल्याच्या माणसाचं हे नशीबच असतं. भांडायचं तर आभाळाशी.

पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी खिडकीच्या ग्रीलमध्ये जंगल लावलेलं. दोन वाघ सोडले की अभयारण्य तयार. मी सकाळी दारासमोर खुर्ची टाकून कप तोंडाला लावला रे लावला, की ते वर पाणी घालणार आणि चिखलाची धार थेट माझ्या चहात, उरलेली मानेवर. नेम असा, की सीमेवर उपयोगी पडला असता. मी गडगडायला लागलो की वर एक डोकं उगवायचं. "बघतो," म्हणायचं आणि मावळायचं. मी घसा फाडून सात पिढ्यांचा उद्धार करावा आणि समोरून फक्त "बघतो"! उलटून शिवी दिली असती तर मी त्याला माणसात धरला असता.

अशात माझी मान धरली. साधीसुधी नाही. सगळ्या घोडबंदर रोडचं खोदकाम माझ्या कवटीत सुरू झालं. मानेतून कळ निघायची, डोक्याच्या मागून चढायची आणि डोळ्यात येऊन बसायची. शेजारी हाक मारायचे तर मी अख्खा वळायचो, कपाटासारखा.

"मान धरलीय," मी बायकोला म्हटलं.

"कोणी?" ती म्हणाली.

तिने चेष्टाच केली, पण माझ्या डोक्यात लख्ख वीज चमकली. कोणी म्हणजे? त्यानेच! रोज ते कुंडीतलं गार पाणी मानेवर पडतंय, ते आत मुरलं असणार. मला खात्री पटली. आता फक्त एका डॉक्टरने तसं म्हणायला हवं होतं. मग मी होतो आणि पाचवा मजला होता.

डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी ही पाण्याची थिअरी सांगितली. ते म्हणाले, "वय झालं." मी दवाखाना बदलला. पुढच्याने मोबाईलवर ढकललं. माझा मोबाईल बटणांचा आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. डोळेवाल्याने डोळे पाहिले, म्हणाला चष्मा ठीक आहे. कल्याणला त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये मला झोपवलं. आत ठाकठोक चाललेली आणि मी देवाला विनवतोय, "एखादा तरी मणका सरकलेला निघू दे. त्याच्या दारावर तोरण म्हणून लावतो." रिपोर्ट आला, वयाच्या मानाने नॉर्मल. बायकोने पेढे आणले. मला पेढा गिळेना. शत्रूवर चालून निघालेल्या माणसाच्या हातात कोणी नॉर्मल देतं का?

"आता तरी पुरे करा नाटकं," ती म्हणाली.

नाटकं! हा शब्द दुखण्यापेक्षा जास्त दुखला. शेवटचा प्रयत्न म्हणून मी तिला घेऊन ठाण्याला, बाळकुमच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलेलो. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी फिल्म बघितली, मानेच्या मागे अंगठा दाबला, मी कोलशेतच्या खाडीपर्यंत ऐकू जाईल असा बोंबललो.

"काका, दिवसभर मान वर करून काय करता?"

"मान वर करूनच जगलोय, बाई. कोणापुढे खाली घातलेली नाही."

"तसं नाही. खरंच वर बघून काय करता? घराचं रंगकाम काढलंय? पतंग उडवता?"

मी छताकडे पाहायला लागलो. म्हणजे पाहायला गेलो, आणि कळवळलो.

"भांडतात," बायको म्हणाली.

"कोणाशी?"

"पाचव्या मजल्याशी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "रोज?"

"रविवारी दोनदा."

मग त्यांनी नीट समजावलं. मान इतकी मागे मोडून ताणून धरली की मागचे सांधे दाबले जातात, कवटीखालचे स्नायू आखडतात आणि तेच दुखणं डोक्यात चढतं. डोक्याला काही झालेलं नाही, दुखतंय ते मानेमुळे. व्यायामाने सुटेल. मी खुर्चीतच उडालो. पाणी नाही तर नाही, पण गुन्हेगार तोच!

"म्हणजे हे त्यानेच केलं ना? लिहून द्या. कारण, पाचवा मजला."

त्यांनी लिहिलं, 'मान मागे टाकून वर पाहणे टाळावे.' वर म्हणाल्या, "थोडे दिवस मान खाली ठेवा, काका."

"खाली? त्याच्यासमोर?"

"समोर नाही, काका. खाली."

घरी येईपर्यंत मी भाषण तयार केलं. असं, की ऐकून त्याच्या जंगलाची पानं गळावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोल्डिंगची खाट ओढत बरोबर त्या ग्रीलखाली आणली आणि छातीवर फाईल घेऊन उताणा झोपलो.

"हे काय नवीन?" बायको दारातून ओरडली.

"मान मागे टाकायला मनाई आहे. आडवं व्हायला नाही!"

मान सरळ, आभाळ समोर, पाचवा मजला नाकाच्या रेषेत. एवढी सोय आधी सुचली असती तर! मी श्वास भरला आणि सुटलो. चिखलाचा हिशेब मांडला, ठाणे ते कल्याण दवाखान्यांची यात्रा सांगितली, मशीनमधली ठाकठोक तोंडाने वाजवून दाखवली. खिडक्या उघडल्या, दूधवाला थांबला, गेटवरचं कुत्रं येऊन खाटेखाली बसलं. कपाळावर टप्पकन चिखलाचा थेंब पडला, तोही मी पुसला नाही. पुरावा होता तो.

वर डोकं उगवलं. मी फाईल उंच धरली.

"हे बघा! डॉक्टरांनी लिहून दिलंय! तुमच्याकडे वर बघून बघून माझी मान गेली! आता काय म्हणणं आहे तुमचं?"

त्यांनी खाट पाहिली, फाईल पाहिली, कुत्रं पाहिलं.

"मग वर या की. लिफ्ट चालू आहे."