फौजदाराची लादी

परळच्या त्या चाळीत तळमजल्याच्या अगदी टोकाला, संडासाला लागून दोन खोल्या होत्या. तिथं बिऱ्हाड करायला कुणी राजी नसे, म्हणून त्या जयभीमवाल्यांच्या वाट्याला आल्या. त्यातल्या एकीत भिवा आणि त्याची बायको बकुळा राहत. भिवा गिरणीत रिंग खात्यात सूत काढायला होता. साच्याखात्यात, कापड विणायला, पगार बरा, पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि भिवाच्या तोंडचा धागा बाकीच्यांना कसा चालावा! त्याच्या हातचं सूत कापड होऊन दुकानात गेल्यावर मात्र कुणाला बाटवत नसे. भिवा कुरकुरला नाही. मिळालं ते काम करत राहिला.

एकाच बाबतीत तो आडमुठा होता. मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही. खेडच्या बाजूला त्याच्या गावी खोताचं ढोर मेलं की सांगावा यायचा आणि बाप भरल्या ताटावरून उठायचा. पोरवयातला भिवा बरोबर जायचा, मागचा पाय धरायचा. घरी आल्यावर बाप राखेनं हात घासायचा, तरी वास जायचा नाही, आणि त्याच हातानं पोराला घास भरवायचा. पुढं बाबासाहेबांचं ऐकून बापानं ते काम सोडलं. गावानं त्याचं दाणापाणी तोडलं. बाप खंगून मेला, पण ढोर ओढायच्या दोराला पुन्हा शिवला नाही. बापाची तेवढीच इस्टेट भिवाकडे आली होती, आणि ती त्यानं जिवापाड सांभाळली होती.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई पेटली तेव्हा भिवा वरच्या मजल्यावरच्या धोंडूबरोबर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत होता. अश्रुधुराची नळकांडी फुटली, पळापळ झाली, धोंडू पडला. भिवानं बखोट धरून त्याला गल्लीत ओढलं. तिथं गटाराच्या कडेला कुत्र्याचं एक पिल्लू डोळे मिटून केकाटत होतं. तेही भिवानं सदऱ्यात घातलं. त्या दिवशी धोंडू भिवाच्या खोलीत बसला आणि भिवाच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायला. पोलिसांच्या धुरातून आलं म्हणून पिल्लाचं नाव त्यानंच ठेवलं, फौजदार.

बकुळाची कूस उजवली नव्हती. फौजदार दाराजवळच्या लादीवर झोपे आणि भाकरीचा पहिला तुकडा त्याचा असे. "लेक हाय माजा," बकुळा उघड म्हणायची. लोक हसायचे. पुढली चार वर्षं धोंडू आणि भिवा एकही मोर्चा चुकले नाहीत. "मराठी माणूस सगळो एक," धोंडू म्हणे, आणि भिवाला ते पटे. माणूस भाबडाच, दुसरं काय.

साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला. चाळीला तोरणं लागली, सकाळपासून गुलाल उडत होता. फटाक्यांना बिचकून फौजदार रस्त्यावर धावला आणि झेंडे लावलेल्या एका लॉरीखाली सापडला. कसाबसा खुरडत अंगणापर्यंत आला आणि भिवाच्या पायाशी त्यानं मान टाकली.

माणसं गोळा झाली. धोंडूही आला, कपाळभर गुलाल. त्याला खरंच वाईट वाटलं. नाव त्यानंच ठेवलेलं. भिवाच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "भिवा, हंय पेढे वाटूचे आसत. आधी ह्यां उचलून टाकून ये. तुमच्या लोकांका सवय आसता."

कुणी हसलं नाही. दोघांतिघांनी माना डोलावल्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

भिवाचे हात पुढं झाले होते ते तिथंच थांबले. आता फौजदाराला उचलून गल्लीतून न्यायचा, तर सगळी चाळ बघणार, चालला आपल्या कामाला. आणि न उचलावा, तर म्युनिसिपालटीची गाडी येऊन आकडा लावून फरफटत नेणार. ज्या हातांची त्यानं जन्मभर राखण केली, ते त्याला स्वतःच्या कुत्र्यालासुद्धा लावता येईनात. त्याला धाय मोकलून रडावंसं वाटलं आणि रडताही येईना.

बकुळा पुढं झाली. "आमचा लेक हाय. कुटं टाकायचा न्हाय," म्हणाली, आणि फौजदाराला पोटाशी धरून घरात घेऊन गेली. भिवानं मागून आत येऊन कडी घातली.

दाराजवळची लादी त्यानं सळईनं उचकटली. खाली मुरूम आणि विटांचे तुकडे निघाले. नखं फुटेस्तोवर तो खणत राहिला. बाहेर ताशे वाजत होते, त्यात खणल्याचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. ज्या सदऱ्यातून पिल्लू आणलं होतं तोच विटका सदरा बकुळानं फौजदाराभोवती गुंडाळला. "बुद्धं सरणं गच्छामि," ती हळूच म्हणाली. कुत्र्यासाठी म्हणतात की नाही, दोघांनाही ठाऊक नव्हतं. भिवानं माती लोटली, लादी बसवली आणि तो तिच्यावरच बसला. निदान आपल्या घरात, आपल्या माणसांनी माती दिली, एवढंच त्याला बरं वाटलं.

दारावर थाप पडली. धोंडू ताटलीत पेढे घेऊन उभा होता. डोळे ओलसर होते.

"घे रे. गुणाचा होता फौजदार."

भिवाचं मन विरघळलं. मघाशी बोलण्याच्या भरात निघून गेलं असेल, असं त्याला वाटलं. मातीचा हात धोतराला पुसून त्यानं पेढा घेतला.

"आणि ऐक," धोंडू म्हणाला, "आमच्या पोटमाळ्यार मांजर मरान पडलाला आसा. वास सुटलो. आज तुझो हात लागलोच आसा, तर वायच तेवढा पण..."

भिवानं पेढा परत ताटलीत ठेवला आणि दार लावून घेतलं. बकुळानं हातावर पाणी घातलं. तो राखेनं हात घासत राहिला, मग नाकाशी नेले. बापाच्या हातांना यायचा तोच वास.

"भिवा," बाहेरून धोंडूचा आवाज आला, गोंधळलेला, दुखावलेला. "अरे, मी काय वायट बोललंय?"

त्याला ते खरंच कळलं नव्हतं. चार वर्षं खांद्याला खांदा लावून चाललेल्या माणसाला आता ते काय सांगायचं! भिवा ओले हात तसेच धरून लादीवर बसून राहिला. धोंडूनं आणखी एकदा हाक मारली, मग तो जिना चढून गेला.