अरविंदच्या बसमधली आमची माणसं

महादूकाका तारी निवडणूक हरले. कसे हरले, हे जो तो आपल्या सोयीने सांगतो. कोणी म्हणतं दारू वाटली, कोणी म्हणतं पेटी बदलली. तसलं काही झालं असतं तर मी गप्प बसलो असतो का? महाडच्या कचेऱ्यांत मला पाहिलं की शिपाईसुद्धा खुर्ची सरकवून उठतो, बसायला देण्यासाठी नव्हे, साहेबाला सावध करायला. पण इथे भांडायला कोणीच नव्हतं. काकांना पाडलं ते आमच्याच माणसांच्या इमानाने.

खारकोंडच्या बौद्धवाडीखाली एक दगडी उतार थेट सावित्रीच्या खाडीत जातो. पोलादपूरच्या डोंगरातून आलेलं पाणी इथवर येताना खारट झालेलं असतं. या उतारावरून काकांनी जन्मभर होडीतून माणसं पलीकडे नेली. पलीकडच्या रस्त्यावर औद्योगिक वसाहतीची बस थांबते. वाडीतल्या बाया पहिल्या पाळीला याच होडीने जायच्या. एखादीला उशीर झाला की काका होडी सोडायचेच नाहीत. बाकीच्या शिव्या घालायच्या, काका तंबाखू मळत बसायचे.

खाडीचा सगळा कारभार बंदर सोसायटीकडे. यंदा तिच्या मंडळावर एक जागा रिकामी झाली आणि त्याच वेळी नवा धक्का मंजूर झाला. तो कुठे बांधायचा, यावर मंडळ अर्धं इकडे, अर्धं तिकडे. म्हणजे या एका जागेवर जो येईल त्याचा धक्का. काका म्हणत, उतारावर. समोर उभा राहिला अरविंद, रेतीवाला. त्याला धक्का हवा होता गावाच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या आवाराशी. तिथून त्याचीच मशीनची होडी चालणार आणि उतार बंद होणार.

सोसायटीचे निम्मे सभासद मुंबईला. अरविंदने त्यांच्यासाठी बस केली. मी काकांना म्हटलं, "आपणही काहीतरी बघू."

"कशाला रे? माणसं आपली हायत. गाडीने येतील, वीरला उतरतील. आणायला रिक्षा ठेव, झालं."

"अरविंदची बस दारातून उचलते."

"उचलू दे. आमची बसायची नायत."

मतदानाच्या सकाळी मी वीर स्टेशनवर रिक्षा लावून उभा राहिलो. दिव्याची पॅसेंजर आली. फलाटावर एक म्हातारी कोंबडी घेऊन उतरली, एक शिक्षक उतरले, आमचं कोणी नाही. रिक्षावाला म्हणाला, "तुमची लोकं गावात पोचली पण. वडे खातायत. मी आत्ता बघून आलो." मी त्याच्यावरच ओरडलो. त्याचा काय दोष?

संध्याकाळी मोजणी झाली. त्या बसमधून बौद्धवाडीची जितकी माणसं आली होती, त्यांच्या निम्म्या मतांनी काका पडले.

काकांची मुलगी मानसीही त्याच बसने आली होती. आई गेल्यावर आईचं सभासदत्व तिच्या नावावर झालेलं. काकांच्या ओट्यावर मी तिला गाठलं. काका बाजूलाच बसले होते.

"बसमध्ये बसलीस, हरकत नाही," मी म्हटलं. "वडे खाल्लेस, तेही ठीक. मत तरी बापाला दिलंस ना?"

"नाय."

"अगं, पडद्याआड कोण बघायला आलं होतं?"

"कोण नाय आलं. लहान पोर घेऊन पॅसेंजरमधून उभं राहून येववत नाय, म्हणून बसले. माणगावच्या पुढे अरविंदच्या माणसांनी नारळ फिरवला. म्हणाले, हात ठेवून शपथ घ्या. आमच्या लोकांनी हात नाय लावला. सांगितलं, आम्ही बौद्ध, नारळ-बिरळ उचलत नाय. तुमच्या गाडीत बसलो हाव, तीच शपथ समजा. असं बोलल्यावर मग काय करणार?"

"उलटं मत द्यायचं. दुसरं काय करायचं असतं?"

"तुम्ही दिलं असतं," ती म्हणाली. मग बापाकडे बघून, "बा, मी लहान असताना आपली होडी डागडुजीला होती, आठवतं? आपण अरविंदच्या बापाच्या होडीतून आलो. घरी येऊन मी त्याच्या तिरळ्या डोळ्याची नक्कल केली. तुम्ही मुस्काटात मारलीत. म्हणालात, ज्याने पाण्यावरून आणलं त्याच्या उलट जायचं नाय. उतरल्यावर पण नाय."

मला वाटलं, काका आता उठतील, काहीतरी फेकून मारतील. मी तरी मारलं असतं.

"बरोबर केलंस गो," ते म्हणाले. "पोराला दूध दिलंस काय?"

पहिल्याच सभेत धक्का अरविंदच्या आवाराशी ठरला. उतारावर साखळी लागली, तिथून होडी सोडायला बंदी झाली. काकांची होडी उताराशेजारी पालथी घातलेली आहे. बाया आता अख्खं गाव ओलांडून तिकडच्या होडीत बसतात. पहिली पाळी वेळेवर गाठता येईना म्हणून दोघींचं काम गेलं. मी हरकतीचा अर्ज तयार केला. वाडीतली शर्मिला कंपनीत जाते, काका हरले तेव्हा सगळ्यात जास्त तीच रडली होती. तिच्यापुढे अर्ज धरला.

"दादा, रोज त्याच्या होडीत बसते," ती म्हणाली. "सही कशी करू?"

एकीनेही सही केली नाही. राहिले काका. ते सही करायला तयार होते, पण सुनावणी पलीकडच्या गावात, सोसायटीच्या कचेरीत. उमेदवाराने स्वतः हजर राहायचं. पुलावरून फिरून जायचं तर आडवाटेला बस नाही, रिक्षाही जात नाही, आणि त्यांचे गुडघे गेलेले.

"माझ्या मोटरसायकलवर चला," मी म्हटलं.

"मागे बसायला पाय टाकता येत नाय रे."

"मग एक दिवस बसा ना त्याच्या होडीत. एकच दिवस. त्याच्याविरुद्ध बोलायला त्याच्याच होडीतून जायचं, मजा येईल."

काका हसले नाहीत. "बसलो तर बोलणार कसा?"

सुनावणीच्या दिवशी मी एकटाच गेलो. तुम्ही सभासद नाही, म्हणून मला दारातच थांबवलं. आतून काकांचं नाव पुकारलं गेलं, पुन्हा पुकारलं गेलं. खिडकीतून खाडी दिसत होती. पलीकडे उतारावर, साखळीच्या आतल्या बाजूला, काका धुतलेला सदरा घालून बसले होते.