पांढरीतलं मडकं

आदिमानवावरचं एक पुस्तक वाचून मी जेवढा बिघडलो, तेवढा तमाशाच्या नादानंही कोणी बिघडला नसेल. निजामाच्या अंमलात मी लोहाऱ्याकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. पुस्तक उर्दूत, चांगलं जाडजूड. ते वाचल्यापासून मला गावात माणसं दिसेनात, नमुने दिसू लागले. दाढी करायला बसलो तरी मी न्हाव्याच्याच कवटीचा आकार न्याहाळत असे.

गावाबाहेर पांढरीचं टेकाड होतं, म्हणजे जुन्या वस्तीचा ढिगारा. लोक तिथली पांढरी माती नेऊन माळवदावर टाकत, म्हणजे घर गळत नसे. मी मात्र शुक्रवारच्या सुट्टीला खुरपं घेऊन तिथं इतिहास उकरायला जाई. एका हिवाळ्यात हातभर खाली मडकं लागलं. आत तान्ह्या मुलाची हाडं होती. मी आनंदानं अक्षरशः उडी मारली. आज लिहितानाही त्या उडीची लाज वाटते.

दात न आलेलं मूल आमच्याकडं जाळत नाहीत, पुरतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण पुस्तक डोक्यात शिरलं आणि घरचं शहाणपण बाहेर पडलं. अशाच विषयावर ग्रंथ लिहिणारे एक विद्वान साहेब हैदराबादेत होते. प्राचीन काळचं दफन सापडल्याचं पत्र मी त्यांना धाडून दिलं.

साहेब कॅमेरा, फूटपट्टी आणि खानसामा घेऊन आले. मडक्याच्या काठावर बोटांनी दाबून काढलेली नक्षी होती. ती भिंगातून बघून त्यांनी निकाल दिला, की ही आदिम हाताची कारागिरी, हजारो वर्षांपूर्वीची. ग्रंथात माझं नाव येईल असंही म्हणाले. मी तिथंच फुगलो.

बघ्यांच्या गर्दीतून गावची कुंभारीण पुढं आली. मडक्यापाशी बसून तिनं काठावरच्या नक्षीत आपली बोटं ठेवून बघितली.

"मास्तर, हे मडकं माझ्या हातचं हाय," ती म्हणाली. "त्यात माझी लेक हाय. चार वर्सं झाली. सायबाला सांगा, मला परत पुरू द्या म्हणावं."

साहेबांना मराठी येत नव्हती, तिला उर्दू. मध्ये मी एकटा. बाई काय म्हणते, असं साहेबांनी विचारलं. खरं सांगितलं असतं तर हजारो वर्षांची चार वर्षं झाली असती आणि त्यासोबत माझं नावही गेलं असतं. मी खोटं बोललो. इथल्या कुंभारांत अशा जुन्या मडक्यांना आपलं लेकरू मानायची रीत आहे, असं मी सांगितलं. साहेबांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं.

तिला वाटलं, त्यांचा विश्वास बसला नाही. ती धावत घरी गेली आणि तशाच नक्षीचं दुसरं मडकं घेऊन आली. ते बघून साहेब हरखले. कला कशी अखंड चालत आली आहे, याचा पुरावाच मिळाला म्हणाले आणि तेही ठेवून घेतलं. दोन्ही मडकी कडब्यात गुंडाळून पेटीत गेली.

गाडी गेल्यावर तिनं मला विचारलं, "तुमी सांगितलं न्हवं समदं?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"मग त्येचंच काळीज दगडाचं."

वर्षभरानं ग्रंथ आला. मडक्याचा फोटो चांगला पानभर होता, खाली कुंभारांची ती विलक्षण समजूत छापली होती. समजूत कोणी सांगितली, तर एका स्थानिक इसमानं. मी सगळी पानं चाळली. माझं नाव कुठंच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात कुंभारीण माझ्या दारात नवा माठ ठेवून गेली. सगळ्या गावात मास्तरांनी तेवढा आपल्यासाठी शब्द टाकला, असं ती माझ्या बायकोला सांगत होती. मी आत बसून ते ऐकलं, आणि माठ ठेवून घेतला.