तीन नंबरचं मशीन

मला राग पटकन येतो, आणि चूक माझीच असली तर जरा जास्तच येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला बरं पडेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नारायणगावात एका कापड दुकानावरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीनं, खिडक्यांना जाड पडदे आणि चपला बाहेर काढायच्या असा कडक नियम. गावात सगळे मला सर म्हणायचे आणि मला ते लई आवडायचं. त्या वर्षी तीन नंबरचं मशीन नवं घेतलं होतं. खंडेनवमीला शेजारच्या गॅरेजवाल्यानं पान्यांना हळदकुंकू वाहिलं, मी कॉम्प्युटरना. पण नुसत्या डब्याला कुंकू लावून माझं समाधान कुठलं व्हायला! विद्यार्थ्यांवर छाप पाडायची होती. मी तीन नंबरचं झाकण काढलं, हे बघा खरं यंत्र, म्हणालो, आणि कुंकवात कालवलेल्या ओल्या अक्षता आत वाहिल्या. मग झाकण लावून पेढे वाटले.

त्या मशीनवर दुपारच्या बॅचला एक मुलगी बसायची. तिच्या घरी मेंढरं होती. भाऊबीज झाली की सगळं घर कळप घेऊन कोकणात उतरायचं, ते पावसाच्या तोंडाला परतायचं. तिला जायचं नव्हतं. गावातल्या पतसंस्थेला कॉम्प्युटरवर बसायला कोणीतरी हवं होतं आणि माझ्या क्लासचा दाखला आणला तर तिला घेणार होते. वडलांनी सांगितलं होतं, दाखला मिळाला तर मावशीकडे राहा, नाहीतर आमच्याबरोबर चल. हे सगळं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं, त्यामुळे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

दसरा झाला आणि तीन नंबर बंद पडायला लागलं. ती बसली की वीस-पंचवीस मिनिटांत स्क्रीन गोठायचा, नाहीतर मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. टाईप केलेलं सगळं जायचं. मी व्हायरस शोधला. रॅम काढून तिची पट्टी खोडरबरानं घासली. हार्ड डिस्क पुसून सगळं नव्यानं भरलं. प्रत्येक वेळी झाकण उघडं टाकून, टेबलफॅन त्याच्याकडे वळवून तासभर चालवून बघायचो. घड्याळासारखं चालायचं. झाकण लावून तिला बसवलं की पुन्हा तेच. सकाळच्या गारव्यात दुसऱ्या मुलांच्या हाताखालीही ते एक-दोनदा बंद पडलं होतं, पण ते मी हिशेबात धरलंच नाही. माझ्याकडे चालतं आणि तिच्याकडे बंद पडतं, म्हणजे खोट तिच्यात, असं मी ठरवून मोकळा झालो.

एकदा ती हळूच म्हणाली, "सर, तुमी झाकण लावलं की बंद पडतंय. अन् डबा हाताला लई गरम लागतोय."

अहो, सगळं निदान तिनं दोन वाक्यांत माझ्या हातावर ठेवलं होतं. आणि मी काय केलं, तर मला शिकवू नकोस म्हणून तिच्यावर खेकसलो.

दिवाळीच्या सुट्टीआधी परीक्षा होती. तासाभरात एक पत्र आणि एक तक्ता टाईप करायचा. दुसऱ्या मशीनवर बसू का, असं तिनं विचारलं, तर मी नाही म्हणालो. उगाच लाड नकोत, हा माझा बाणा. मशीन तीनदा बंद पडलं. तिसऱ्या वेळी सगळ्यांनी माना वळवल्या आणि मला वाटलं, हसतायत ते माझ्या क्लासला. मग मी सगळ्यांच्या देखत बोललो, "तुझा हातच यंत्राला चालत नाही. मेंढरं हाकायच्या हाताचं हे काम नव्हे."

तिनं वही उचलली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. मी रजिस्टरवर तिच्या नावापुढे नापास लिहिलं.

दोन दिवसांनी तेच मशीन माझ्या हाताखाली बंद पडलं. तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं, की मशीन गार ठेवणारा आतला छोटा पंखा सोडवून बघावा. त्याच्या पात्यांखाली तांदळाचे लाल दाणे घट्ट चिकटून बसले होते. पंखा फिरतच नव्हता. उघड्या झाकणातून टेबलफॅनचा वारा लागायचा म्हणून माझ्याकडे ते चालायचं, एवढीच माझी विद्या. स्क्रू ड्रायव्हरनं दाणे खरवडून मी कागदात गुंडाळले आणि कोणी बघत नाही ना बघून खिडकीतून टाकले. विद्यार्थ्यांनी विचारलं तेव्हा व्हायरस होता म्हणालो.

भाऊबिजेला अजून पाच दिवस होते. तिची वाडी मोटारसायकलनं वीस मिनिटांवर. एक दाखला लिहून नेऊन द्यायचा, चूक माझी होती म्हणायचं, की झालं. रोज किल्ली हातात घ्यायचो. मग वाटायचं, तिथं चार माणसांत काय तोंड दाखवायचं? भाऊबीज झाल्यावर एका सकाळी खाली हॉर्न वाजायला लागले. मेंढरांनी रस्ता अडवला होता. मागून लादलेली घोडी आणि घोड्यांमागे ती, हातात काठी. तिनं वर पाहिलं की नाही कोण जाणे. मी पडदा ओढून घेतला होता.

पुढं नऊ-दहा वर्षांनी मंचरला एटीएमच्या रांगेत ती माझ्या पुढं उभी होती. तिनंच मला ओळखलं, वाकून नमस्कार केला. तिचा नंबर आला तेव्हा तिनं कार्ड माझ्यापुढं धरलं आणि हात पदराखाली घेतले.

"तुमीच दाबा सर," ती म्हणाली. "माझ्या हातानं मशीन बंद पडतंय. तुमीच सांगितलं व्हतं की."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आपल्याला गहू सोसत नाही हे माणूस जसं सांगतं तसं ती सांगत होती. मागं रांग होती, सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि ते वाक्य माझ्याकडे नऊ-दहा वर्षं तयार होतं. ती गुप्त आकडा मला मोठ्यानं सांगत गेली आणि मी बटणं दाबत गेलो.

नोटा घेऊन ती म्हणाली, "तुमच्या हाताला गुण हाये, सर."

मी बरं म्हणालो आणि माझं कार्ड काढलं.